विष उतरवणारा माणूस

आमच्या वाडीतले तात्या सापाचं विष उतरवायचे आणि त्याचा एक पैसाही घेत नसत. मोबदला घेतला की मंत्र मरतो, ही त्यांच्या गुरूची ताकीद होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत पाळली. रात्री दोन वाजता कुणी हाक मारली तरी ते उठत, चूळ भरत, पंचा खांद्यावर टाकत आणि बॅटरी घेऊन चिखल तुडवत निघत. ज्या घरी जात तिथे चहासुद्धा घेत नसत. ग्रहण लागलं की व्हाळात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मंत्र पुन्हा जागवायचा, आणि त्या दिवशी पोटात अन्नाचा कण नाही. इतका निरपेक्ष माणूस मी पुढे शहरातही फारसा पाहिला नाही.

अंधश्रद्धेचा विषय निघाला की बोलणं लगेच भोंदूबाबांवर जातं. पैसे उकळणारे, बायकांना नादी लावणारे, पुत्रप्राप्तीची हमी देणारे. ते आहेतच आणि त्यांची जागा तुरुंगात आहे. पण आमच्या गावावर ज्या समजुतींची पकड आहे ती भोंदूंनी बसवलेली नाही. तात्यांसारख्या सज्जनांनी ती पिढ्यान् पिढ्या सांभाळली, म्हणून ती सुटता सुटत नाही. भोंदू उघडा पडला की लोक त्याच्यावर थुंकतात. तात्यांवर कोण थुंकणार? वाडीत मयत झालं की पहिलं लाकूड तेच आणायचे.

कोकणातल्या पावसाळ्यात साप कुठल्या पानाआड असेल याचा नेम नसतो, त्यामुळे सापाभोवती समजुतींचं रानही माजलेलं. दिवेलागणीनंतर त्याचं नाव घ्यायचं नाही, ‘जनावर’ म्हणायचं. चावला तर ‘पान लागलं’ म्हणायचं. रात्री शीळ घालायची नाही. नाग मारला गेलाच तर त्याला तांब्याचा पैसा ठेवून रीतसर अग्नी द्यायचा, नाहीतर जोडीदार डूख धरतो. धामण गाईच्या मागच्या पायांना विळखा घालून दूध पिते, म्हणून गाय आटली की दोष धामणीचा. घरामागच्या वारुळात राखणदार असतो, त्याच्या वाटेत न्हाणीघर बांधायचं नाही. बांधायचंच झालं तर गुरवाकडून देवाला कौल लावून घ्यायचा. हे सगळं आम्हांला कुणी बसवून शिकवलं नाही. आजीने एकदा तोंडावर हात ठेवला, आईने एकदा डोळे वटारले, तेवढ्यात ते अंगात मुरलं.

यातलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. नागपंचमीला जमीन खणायची नाही, चिरायचं-कापायचं नाही, ही रीत मला आजही आवडते. श्रावणात बिळांत पाणी भरलेलं असतं, जनावरं बाहेर पडलेली असतात. त्या दिवसांत एक दिवस तरी माणूस त्यांच्या वाटेतून बाजूला होतो. राखणदाराच्या धाकाने कित्येक वारुळं आणि त्यांच्या भोवतीची झाडं वाचली आहेत, हेही खरं. उलट बिचाऱ्या मांडुळाचा जीव समजुतीनेच घेतला. मातीत राहणारा, निरुपद्रवी, बिनविषारी साप. शेपटी बोथट, तोंडासारखी दिसणारी, म्हणून तो ‘दुतोंड्या’. त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं म्हणून त्याचे लाखांत सौदे होतात. मांडूळ विकायला आलेले लोक पोलिसांनी पकडल्याची बातमी महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतच असते.

पण माझा जीव अडकलाय तो विष उतरवण्यात, कारण तिथे माणूस मरतो.

तात्यांचा मंत्र लागू पडतो असं लोक म्हणायचे ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. दहा जणांना पान लागलं तर तात्यांच्या ओटीवरून त्यातले बहुतेक चालत घरी जात. का, ते सापांकडे बघितल्यावर समजतं. भाताच्या शेतात सगळ्यांत जास्त चावते ती दिवड. चिडकी असते, कडकडून चावते, रक्त काढते, पण विष नसतं. धामणीला नाही, नानेटीला नाही, तस्कराला नाही. घरात शिरणारा कवड्या मण्यारीसारखा दिसतो, त्यालाही नाही. माणूस मारण्याइतकं विष असलेले नेहमी भेटणारे साप चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. हे चौघेही दर वेळी विष सोडतातच असं नाही. कधी नुसता दात लावून जातात. म्हणजे मंत्र म्हणा, न म्हणा, चावलेल्यांपैकी पुष्कळ जण वाचणारच असतात. या सगळ्यांचा जीव वाचवल्याचं पुण्य मंत्राच्या खात्यावर जमा होत गेलं.

जे वाचले नाहीत त्यांचा हिशेब गावाने वेगळ्या वहीत ठेवला. “आणायला उशीर झाला.” “वाटेत विटाळ झाला.” “निरोप आणणारा मागे वळून बघत आला.” “त्याचं तेवढंच होतं.” या वहीत मंत्राचं नाव कधीच आलं नाही.

तात्यांची परीक्षाही ठरलेली. कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर विष चढलेलं नाही, गोड लागला तर चढलंय. कुणी मिरची देतात. कोंबडीची पिल्लं आणून एकेकाचं ढुंगण जखमेवर टेकवायचं आणि पिल्लू मेलं की विष ओढलं गेलं म्हणायचं, असाही प्रकार मी पाहिलेला आहे. घाबरलेल्या माणसाला पाला कसा लागेल याचा भरवसा नसतो, पण सगळं घर श्वास रोखून त्याच्या तोंडाकडे बघत असतं. तो “कडू” म्हणाला की आया-बाया रडतात. त्या सुटकेच्या रडण्याला मी कधी हसू शकले नाही.

माझ्या मोठ्या वहिनीला फुरसं लागलं ते गवत कापताना. आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुरशी फार. वीतभर-हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं जनावर, अंगाचे खवले अंगावर घासून करकर आवाज करतं. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं, इतका त्याचा उपद्रव. वहिनीच्या डाव्या तर्जनीवर दोन बारीक टिंबं होती, बस. तिला तात्यांकडे नेलं. पाला कडू लागला. तात्यांनी मंत्रलेलं पाणी दिलं, मनगटाच्या वर दोरा बांधला आणि रात्रभर झोपू देऊ नका म्हणाले. पहाटे तिने चूळ भरली तर पाणी लाल. हिरड्यांतून रक्त येत होतं आणि हात कोपरापर्यंत सुजला होता.

तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टरांनी पहिलं काम काय केलं असेल, तर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत तिचं थोडंसं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. हलवायची नाही. घड्याळ लावून वीस मिनिटं थांबायचं. मी त्या नळीसमोर बसून होते. धड माणसाचं रक्त तेवढ्या वेळात गोठून बसतं, नळी कलती केली तरी हलत नाही. वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी हळूच कलती केली आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहत गेलं. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने हे होतं. शरीर रक्त गोठवण्याची ताकद गमावून बसतं. अशा माणसाची जखम विष काढण्यासाठी ब्लेडने कापतात तेव्हा काय होत असेल, ते मला त्या क्षणी कळलं. ना मशीन, ना वीज. एक काचेची नळी आणि वीस मिनिटांचा धीर. एवढ्यात या दोघांचं विष चढलंय की नाही याचं उत्तर मिळतं, आणि पेशंटला काही चाखायला लावावं लागत नाही.

मग लस. प्रतिविषाची पावडर असते. परिचारिका बाटलीत पाणी सोडायची आणि बाटली दोन्ही तळव्यांत धरून सावकाश फिरवायची. जोरात हलवली तर फेस होतो. अशा एकामागून एक बाटल्या तयार करून तिने त्या सलाईनमध्ये सोडल्या. शेजारच्या ट्रेमध्ये अ‍ॅड्रेनालीनची सिरिंज भरून ठेवली होती, कारण घोड्याच्या रक्तातून तयार होणारी ही लस कधी कधी उलटते आणि तेव्हा औषध शोधत बसायला वेळ नसतो. ही एकच लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालते. आपल्या हाफकिन संस्थेनेही ती बनवली आहे. काही तासांनी पुन्हा नळी भरली, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी नळी कलती केली तरी रक्त जागचं हललं नाही.

वहिनी वाचली. आणि गावात काय बोललं गेलं? “तात्यांनी विष कोपराशी धरून ठेवलं, म्हणून डॉक्टरला यश आलं.”

मला राग आला होता आणि तो राग अजून गेलेला नाही. पण रागाने समजुतीची मुळं दिसत नाहीत. मुळं मला दिसली ती वहिनीला न्यायचं कुठे यावर त्या संध्याकाळी घरात जे झालं त्यात. दादा गाडी काढायला तयार होता. आईला तेच हवं होतं. तरी दोघं थबकले, कारण दोघांच्याही मनात एकच हिशेब चालला होता. दवाखान्यात नेलं आणि काही बरंवाईट झालं तर जन्मभर ऐकावं लागेल, “तात्या चार घरांवर असताना यांनी नेलं नाही.” तात्यांकडे नेलं आणि बरंवाईट झालं तर सगळी वाडी पाठीशी उभी राहील, “तुम्ही होतं नव्हतं ते केलंत.” एका वाटेवर माणूस एकटा पडतो, दुसऱ्या वाटेवर सगळं गाव सोबत असतं. त्यात जिला पान लागलंय ती सून असेल तर निर्णय तिच्या हातात नसतोच, आणि तिच्या माहेरच्यांना काय सांगायचं याचा विचार आधी होतो. समजूत मनात असते असं आपण म्हणतो. आमच्या घरात ती त्या संध्याकाळी दादा आणि गाडी यांच्या मधल्या अंगणात उभी होती.

मण्यारीचं तर आणखी भयंकर. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. तिचा चावा दुखत नाही, सुजत नाही, कित्येकदा दाताची खूणही सापडत नाही. माणूस झोपेतून जागाही होत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग गिळता येईना, मग पापण्या जड होऊन खाली येतात, जीभ अडखळते. शेजारच्या वाडीतला एक शाळकरी पोरगा असा गेला. साप कुणी पाहिला नव्हता. सकाळी तो डोळे उघडेना, बोलणं बोबडं झालं, मान टाकली. घरच्यांनी पाहिलं ते झपाटणं. आदल्या दिवशी तो तिन्हीसांजेला पिंपळाखालून आला होता, हे कुणाला तरी आठवलं. नारळ, लिंबू, कोंबडा यांत सकाळ गेली. त्या पोराचा श्वास फक्त यंत्रावर चालू ठेवायचा होता आणि लस द्यायची होती. डोळ्यांच्या पापण्या पडणं हे मण्यारीच्या आणि नागाच्या विषाच्या पहिल्या उघड लक्षणांपैकी एक आहे. शाळेच्या फळ्यावर एका ओळीत लिहिता येईल एवढं हे ज्ञान त्या घरापर्यंत पोचलं नव्हतं. त्याच्या आईला दोष देण्याची माझी छाती नाही.

देशभरातल्या मृत्यूंच्या नोंदींवरून केलेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं मेल्याचा अंदाज काढला. वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यांतली, आणि पुष्कळशी घरीच मेलेली. घरीच, म्हणजे दवाखान्याची पायरी न चढता. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं ते २०१७ साली. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा यायला २०२४ उजाडलं. शेतात अनवाणी राबणाऱ्याचं मरण कागदावर यायला एवढा वेळ लागतो.

विंचवाची गोष्ट मात्र वेगळी घडली, आणि मला आशा आहे ती तिच्यामुळेच. कोकणातला लाल विंचू लहान असतो पण जीव घेतो. मोठी काळी इंगळी दिसायला भीषण, पण तिच्याने सहसा मरण येत नाही. लाल विंचू चावलेल्या पोराला दरदरून घाम फुटायचा, हातपाय गार पडायचे, छातीत पाणी भरायचं आणि ते जायचं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले आणि त्यांनी अशा रोग्यांच्या उशाशी बसून एकेक लक्षण टिपून ठेवलं. पुढे त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. गंभीर विंचूदंशात सुमारे ४० टक्के रोगी दगावत. ते प्रमाण एक टक्क्यापर्यंत आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या गावात विंचू उतरवणारे वेगळे होते. तो मंत्र माझ्या डोळ्यांदेखत संपला. कुणी मोर्चा काढला नाही, कुणी व्याख्यान दिलं नाही. आरोग्य केंद्रात ती स्वस्त गोळी कायम असायची आणि ती घेतलेली पोरं खेळायला लागायची, एवढंच झालं. लोक मूर्ख असते तर गोळीकडेही वळले नसते.

सापाच्या बाबतीत तसं झालं नाही कारण लस जवळच्या केंद्रात कधी असते, कधी नसते. असली तरी ती द्यायला धजावणारा डॉक्टर रात्री असेलच असं नाही. “पुढे न्या” एवढंच ऐकून माघारी फिरलेली माणसं मला माहीत आहेत. पुढे म्हणजे घाट उतरून जिल्ह्याच्या ठिकाणी. दोन ठिकाणांहून “पुढे न्या” ऐकलेला बाप तिसऱ्यांदा तात्यांचं दार ठोठावतो, कारण तात्या कधीही “पुढे न्या” म्हणत नाहीत. ते पेशंटचा हात हातात घेतात. आजारी माणसाच्या अंगाला हात लावणं, त्याच्याशी नाव घेऊन बोलणं, सगळी रात्र त्याच्याजवळ बसणं, हे ज्या व्यवस्थेला जमत नाही तिला मंत्राशी झुंजणं जड जाणार.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते त्याचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. मी तो वाचला तेव्हा अनुसूचीतल्या एका कलमाशी थांबले. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार देणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. नरबळीच्या आणि जादूटोण्याच्या कलमांच्या शेजारी हे साधंसं कलम ज्यांनी घातलं त्यांना खेड्यातली रात्र माहीत होती. कायदा श्रद्धेला हात लावत नाही. उपचाराच्या वाटेत आडवं येऊ नका, एवढंच तो सांगतो.

ही रेघ आमच्या आरोग्य केंद्रात आलेल्या एका तरुण डॉक्टरने अचूक ओळखली. बाई नव्या होत्या, बहुधा पहिलीच नेमणूक. त्या तात्यांच्या घरी गेल्या, ओटीवर बसल्या, त्यांना “तात्या” म्हणाल्या आणि कायद्याचा ‘क’ही न काढता आपला मोबाइल नंबर पंचांगाच्या मागे लिहून दिला. म्हणाल्या, तुमचा मंत्र गाडीत बसून म्हणा, पण आधी मला फोन करा. दोरा आवळून बांधू नका, जखम कापू नका, हात किंवा पाय हलू देऊ नका. तात्या गप्प बसले. मी नंतर त्यांना विचारलं, तुम्ही आधीच का नाही पाठवलं लोकांना? ते म्हणाले, “मी नको कधी म्हटलं गो? माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मी जा म्हटलं असतं तर गेली असती. मला कुणी येऊन सांगितलं नाही, की तात्या, तुम्ही जा म्हणा.”

हे उत्तर मला पूर्ण पटत नाही. इतकी मरणं पाहिलेल्या माणसाला स्वतःहून शंका यायला हवी होती. पण त्यानंतर तात्या जातीने गाडीत बसून केंद्रापर्यंत जाऊ लागले, आणि “तात्याच घेऊन आलेत” म्हटल्यावर कुठल्याही घराची मागेपुढे बघायची गरज उरली नाही. दवाखान्यात नेल्याचा बोल लावणारं गावच आता सोबत येत होतं. बाईंची बदली झाली. तात्या गेले. मंत्र त्यांच्या पुतण्याकडे आहे आणि तो रिक्षा चालवतो.

येत्या ग्रामसभेत आम्ही बायकांनी एक विषय लेखी दिला आहे. मृगाच्या आधी आरोग्य केंद्रात लशीच्या किती बाटल्या आहेत आणि त्यांची मुदत कधी संपते, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर दर सोमवारी लिहावं. रात्रपाळीला कोण आहे त्याचा नंबर त्याखाली असावा, आणि पापण्या पडणं, गिळता न येणं, हिरड्यांतून रक्त येणं ही लक्षणं शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावीत. पुतण्याच्या रिक्षाचं रात्रीचं भाडं पंचायतीने द्यावं, असंही त्यात आहे. सरपंच म्हणतात, भाड्याला तरतूद नाही. आम्ही तो मुद्दा खोडलेला नाही.